वणव्यालाही पंचांग असते

होळी कोणत्या दिवशी पेटवायची हे आपण पंचांग पाहून ठरवतो. वणवा मात्र कधीही आणि कुठेही लागतो, असा आपला समज असतो. वर्तमानपत्रातल्या बातम्याही त्याच सुरात येतात. 'अचानक लागलेल्या आगीत डोंगर खाक', 'आगीचे कारण समजू शकले नाही', आणि शेवटी 'सुदैवाने जीवितहानी नाही'. दुसऱ्या दिवशी डोंगर काळा असतो आणि आपण दुसऱ्या बातमीकडे वळलेलो असतो. वास्तविक आपल्या राज्यात वनखाते १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम मानते. महाशिवरात्रीच्या आगेमागे तो सुरू होतो आणि मृगाच्या सरींनी संपतो. तो दरवर्षी येतो, बहुधा त्याच डोंगरांवर येतो आणि बहुधा दुपारच्या वाऱ्यावर स्वार होऊन येतो. ज्याचा महिना, प्रहर आणि मुक्काम आधीपासून ठाऊक आहे, त्या पाहुण्याला 'अचानक आला' असे कोणी म्हणत नाही.

याच चार महिन्यांचे आपल्याकडे दुसरेही एक पंचांग आहे. शिवजयंती, शिमगा, धुळवडीला निघणारी वीरांची मिरवणूक, रंगपंचमीच्या रहाडी, डोंगराळ तालुक्यांतले बोहाडे, सप्तशृंग गडावरचा चैत्रोत्सव, अंजनेरीचा हनुमान जन्मोत्सव आणि गावोगावच्या जत्रा. नाशिक जिल्ह्यात माणसे रात्ररात्र जागून काही ऐकतात, पाहतात, नाचतात ते मुख्यतः याच दिवसांत. ही दोन पंचांगे शेजारी ठेवून पाहावीत, एवढेच मला सुचवायचे आहे. वणव्याला तोंड देण्याची तयारी पाट्या लावून आणि परिपत्रके काढून होत नाही, हे आपण पुष्कळ वर्षे पाहत आलो. ती गावाच्या स्वतःच्या कलेतून, गावाच्या स्वतःच्या तोंडून आणि आग लागण्याआधी झाली पाहिजे.

मी राहतो द्वारका भागात. मुंबई-आग्रा आणि नाशिक-पुणे हे दोन हमरस्ते जिथे एकमेकांना छेदतात आणि वरून उड्डाणपूल जातो, ते हे ठिकाण. इथल्या माणसाने वणव्याची चिंता का वाहावी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आमच्या नळात आहे. नाशिक शहर पाणी पिते ते प्रामुख्याने गंगापूर धरणाचे, आणि त्या धरणात पाणी येते ते ब्रह्मगिरी, अंजनेरी आणि त्र्यंबकच्या डोंगररांगेवरून. उतारावरचे गवत, झुडपे आणि पाचोळा पावसाचा पहिला मारा स्वतःच्या अंगावर झेलतात आणि पाणी हळूहळू जमिनीत मुरू देतात. हे पांघरूण मार्च-एप्रिलमध्ये जळून गेले की जूनचा पाऊस उघड्या मातीवर कोसळतो आणि ती माती ओढ्याओढ्यांनी धरणाची वाट धरते. डोंगर जळतो त्र्यंबकला आणि गाळ साचतो आमच्या हंड्यात.

नुकसान पाण्यापुरतेही नाही. अंजनेरीवर कंदीलपुष्पाची एक जात आहे, जिला वनस्पतिशास्त्रज्ञांनी या डोंगराचेच नाव दिले आहे. तिथल्या कड्यांवर गिधाडांची घरटी आहेत आणि त्यांची पिल्ले वाढतात तीही याच कोरड्या दिवसांत. रामशेजजवळचे बोरगड २००८ साली संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाले. शासन, संस्था आणि गावकरी यांनी वर्षानुवर्षे राखलेले ते रान आहे. सातपूरजवळच्या फाशीच्या डोंगरावर लोकांच्या श्रमातून देवराई उभी राहिली. अशा ठिकाणी दहा वर्षांची मेहनत एका दुपारच्या हवाली होऊ शकते. आणि डोंगराच्या कुशीतल्या पाड्यांचे काय? जनावरांसाठी रचून ठेवलेली गवताची उडवी, कुडाचे घर आणि बांधावरचे आंबे हीच तिथली मालमत्ता असते. तिला विमा नसतो.

पाटी, कायदा आणि उपग्रह

यावर आज आपण काय करतो? कायदा आहे. १९२७च्या भारतीय वन अधिनियमानुसार राखीव जंगलात आग लावणे हा गुन्हा आहे. पाट्या आहेत, त्यांवर पिवळ्या अक्षरांत 'वणवा लावू नका' असे लिहिलेले असते. अलीकडे उपग्रहही मदतीला आले आहेत. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था उपग्रहांनी टिपलेल्या आगीच्या जागा त्या त्या विभागाला आणि नाव नोंदवणाऱ्या कोणालाही मोबाईलवर कळवते. याच संस्थेच्या अनुमानानुसार देशातल्या ३६ टक्क्यांहून अधिक वनक्षेत्रात वारंवार आगी लागण्याचा धोका आहे. ही व्यवस्था उत्तम आहे आणि ती हवीच.

पण उपग्रहाला दिसते ती लागलेली आग. संदेश येईपर्यंत गवत पेटलेले असते, आणि शेवटचे दोन कोस वनरक्षकाला डोंगर चढूनच जावे लागते. आग चढावर झपाट्याने पळते, कारण वरचे गवत ज्वाळा पोचण्याआधीच तापून तयार झालेले असते. माणूस चढावर तितक्या वेगाने पळू शकत नाही. त्यामुळे डोंगरावरची आग विझते ती जवळच्या पाड्यावरची दहावीस माणसे ओल्या फांद्या घेऊन धावली तर. आणि मुळात अडते ती आधीच गवत कापून, झाडून जाळरेषा काढलेली असेल तर. म्हणजे प्रश्न येऊन ठेपतो तो पाड्यावरच्या माणसापाशी. आणि त्या माणसाशी आपण बोलतो ते पाटीच्या भाषेत, आज्ञार्थात. पाटी प्रश्न विचारू देत नाही आणि उत्तरही ऐकून घेत नाही.

ते उत्तर ऐकण्यासारखे आहे. मोहाची फुले मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळतात. ती पाचोळ्यात हरवू नयेत म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, आणि तो जाळ पुरता न विझवता माणूस पुढच्या झाडाकडे जातो. गवत जाळले की पावसाळ्यात नवे गवत जोमदार येते, असा गुराख्यांचा समज आहे. शिकारीसाठी, मधासाठी आगी लावल्या जातात. विझल्यासारखी वाटणारी बिडी असते. आणि भाकरी बांधून डोंगरावर सहलीला गेलेल्या शहरी मंडळींची तीन दगडांची चूलही असते, जिची नोंद पाड्यावरच्या माणसाच्या खाती होते.

राहता राहिला राब. नागली, वरई आणि भाताच्या रोपांसाठी वाफ्यावर फांद्या, पाला, शेण यांचे थर देऊन भाजणी करतात. त्याने तणाचे बी मरते आणि राख खताच्या कामी येते. या राबावरून इंग्रजी अमदानीत एवढा असंतोष झाला की १८८५ साली मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. म्हणजे आग आणि आज्ञा यांचे भांडण आपल्याकडे शंभर वर्षांहून जुने आहे. आणि गंमत अशी की, आग कशी राखावी याचे सर्वात चांगले ज्ञान राब भाजणाऱ्यापाशीच असते. तो वाफ्याची कड आधी साफ करतो, वारा पडण्याची वाट पाहतो, जाळ कोणत्या बाजूने लावायचा ते ठरवतो आणि निखारे निवेपर्यंत जागेवरून हलत नाही. वणव्याच्या तयारीचा सारा अभ्यासक्रम एवढाच तर आहे! ज्याला तो येतो त्यालाच आपण वर्षानुवर्षे पाटी दाखवत आहोत.

आधी झाडू, मग कीर्तन

महाराष्ट्राला कलेतून लोकांना हलवण्याची कला नव्याने शिकायला नको. सत्यशोधकांनी जलसे केले. आपल्या नाशिक जिल्ह्यातलेच भीमराव कर्डक १९३०च्या दशकात आंबेडकरी जलसा घेऊन गावोगाव फिरले. काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० साली इथे झाला. त्यामागचा विचार वाचता न येणाऱ्यांपर्यंत पोचला त्यात या जलशांचा वाटा होता. तो पोचला, कारण सांगणारा आणि ऐकणारा यांचे दुःख एक होते. पुढे साक्षरता मोहिमेतले कलाजथे आले, त्यांनीही गावे ढवळून काढली.

या सगळ्यांत मला सर्वात मोठा धडा दिसतो तो गाडगेबाबांचा. बाबा दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. क्रम महत्त्वाचा आहे. कीर्तन ऐकणाऱ्याने सकाळी स्वतःच्या डोळ्यांनी झाडलेला रस्ता पाहिलेला असे, आणि कित्येकांनी त्याच खराट्याला हातही लावलेला असे. कला तिथे कामाच्या जागी आलेली नव्हती, कामाला जोडून आलेली होती. बाबांचे नाव घेऊन पुढे अनेक मोहिमा झाल्या. ज्या गावांनी खराटा घेतला तिथे त्या फळल्या, आणि जिथे नुसते भाषण झाले तिथे फलकच उरले.

सरकारलाही कलेचे महत्त्व कळलेले नाही असे नाही. केंद्राने १९५४ सालीच गीत व नाट्य विभाग काढला होता. परंतु सरकारी कंत्राटावरची कला बहुधा वरून खाली बोलते. एका आठवडे बाजारात वणव्यावरचे एक पथनाट्य मी पाहिले. संवाद पुणेरी मराठीत होते. आग लावणारा खलपुरुष लंगोटी नेसलेला आणि खांद्यावर कुऱ्हाड घेतलेला होता. त्याला उपदेश करणारा शहाणा माणूस पँट घालून आला होता. समोर मोहफुलांच्या पाट्या घेऊन बसलेल्या बायांनी थोडा वेळ पाहिले आणि त्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. त्यांचा अपमान झाला होता, पण तो करणाऱ्याच्या ध्यानीही आला नाही. एक प्रयोग झाला, त्याचे छायाचित्र निघाले, बिल मंजूर झाले असेल. डोंगरावरच्या एका काडीचाही त्याच्याशी संबंध नव्हता.

याउलट बोहाडा पाहावा. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरी या पट्ट्यात आणि पलीकडे जव्हार-मोखाड्याला होळीनंतर उन्हाळाभर बोहाडे चालतात. संबळ आणि पिपाणीच्या तालावर गणपती येतो, शारदा येते, मग एकामागून एक मुखवट्यांची सोंगे येतात, आणि पहाटे देवी व महिषासुराचे युद्ध होते. पेठ तालुक्यातल्या एका गावी मी तो पहाटेपर्यंत पाहिला. कडेवरच्या पोरापासून काठी टेकत आलेल्या म्हातारीपर्यंत सारे गाव मैदानात होते. शहरातल्या कुठल्याही सभेला असा श्रोता मिळत नाही. शिवाय ही मंडळी दुसऱ्या दिवशीही गावातच असतात. म्हणजे रात्री ठरलेले सकाळी करता येते.

आता इथे एक सावधगिरी हवी. कोणी उत्साही अधिकारी म्हणेल, बोहाड्यात वणवासुराचे एक सोंग घुसवा. तसे मुळीच करू नये. सोंगांना मान असतो, तो ठरलेल्या घरांकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला असतो. देवाच्या खेळात सरकारी पात्र शिरले तर लोक हसतील आणि विसरतील. परंतु दोन सोंगांच्या मधल्या वेळात थट्टामस्करीला, गावच्या बातम्यांना वाव असतो. यंदा कोणाच्या उडव्या जळाल्या, कोण धावले, कोण घरात बसले, हे गावातलाच हजरजबाबी माणूस त्याच्या बोलीत सांगू लागला तर कोणाची बिशाद आहे उठून जाण्याची! थाळीच्या सुरावर रात्रभर कथा सांगणारे कोकणा समाजातले कथेकरी आहेत. त्यांना कोणी कथा लिहून देऊ नये. जुन्या मोठ्या वणव्यांच्या आठवणी म्हाताऱ्यांपाशी असतात, त्या त्यांनीच गोळा कराव्यात आणि त्यांनीच सांगाव्यात. आणि त्यात वनखात्याला दोन चिमटे बसले तर खात्याने ते सोसावेत. ज्या कलेत गावाला उलट बोलता येत नाही, ती कला गावाची नव्हे.

दुसरे साधन भिंत. वारली चित्र म्हणजे आज पडद्यावर आणि पिशवीवर छापायची नक्षी झाली आहे. पण मुळात ते कुडाच्या भिंतीवर, शेणमातीच्या आणि गेरूच्या सारवणावर तांदळाच्या पिठाने काढायचे चित्र. डोंगर, वाटा, झाडे, माणसे, जनावरे एकाच भिंतीवर वरून पाहिल्यासारखी मांडण्याची त्या चित्राची जी रीत आहे, ती नकाशाच्या फार जवळची आहे. मग शाळेच्या किंवा समाजमंदिराच्या भिंतीवर गावाचाच डोंगर का काढू नये? जाळरेषा कुठून कुठवर, झरा कुठे, वाऱ्याची दिशा कोणती, आग दिसली तर कोणत्या वाडीने कोणत्या वाटेने चढायचे, म्हातारी माणसे आणि गुरे कोणत्या मोकळ्या जागी न्यायची, हे सारे त्यात मांडता येईल. पिठाचे चित्र वर्षभर टिकत नाही, ही त्याची उणीव म्हणून सांगतात. इथे तोच त्याचा गुण. दरवर्षी माघात भिंत सारवायची आणि चित्र पुन्हा काढायचे. काढता काढता पोरांना डोंगर पाठ होईल, आणि गेल्या वर्षी कुठे चुकले याची चर्चाही आपोआप होईल. कायमच्या ऑइलपेंटने रंगवलेल्या भिंतीकडे सहा महिन्यांनी कोणी पाहत नाही.

शहराचीही पाळी

हे सारे पाड्यावरच्या लोकांनी करायचे आणि आम्ही शहरवाल्यांनी टाळ्या वाजवायच्या, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. डोंगरावर शहरही जाते. शिवजयंती १९ फेब्रुवारीला, म्हणजे वणव्याचा हंगाम सुरू झाल्यावर चार दिवसांनी येते. तरुण मंडळी गडावरून मशाली पेटवून शिवज्योत आणतात. भावना मोलाची आहे, पण पायवाटेच्या दोन्ही बाजूंना तेव्हा गुडघाभर वाळलेले गवत उभे असते. मोगली फौजेला वर्षानुवर्षे दाद न देणारा रामशेज आपल्या शहराच्या उशाशी आहे. त्या गडाचा पोवाडा गाणाऱ्या शाहिरांनी शेवटी एवढे जोडावे की ज्योत पेटवण्याआधी वाटेवरचे गवत कापू, पाण्याचे कॅन सोबत नेऊ आणि गडावरची एक जाळरेषा आमच्या मंडळाची. चैत्री पौर्णिमेला अंजनेरीवर गर्दी होते. तिथे लंकादहनाचे आख्यान सांगणाऱ्या कीर्तनकाराला वणव्याचा विषय काढायला फार लांब जावे लागणार नाही.

शहरी माणसाला हे कळणे त्याच्या स्वतःच्या जिवासाठीही जरूर आहे. तमिळनाडूत थेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीच्या डोंगरावर ११ मार्च २०१८ रोजी गिर्यारोहणाला गेलेले तरुण-तरुणी गवताच्या आगीत सापडले आणि वीसहून अधिक जण दगावले. आगीच्या वरच्या अंगाला थांबू नये, गवतातून धावू नये, उघड्या कातळावर किंवा आधीच जळलेल्या जागेवर जावे, या साध्या गोष्टी आमच्या शाळा-कॉलेजांत कोणी शिकवत नाही. सिंहस्थ जवळ आला की शहराच्या भिंती रंगवण्याचा उत्साह संचारतो. आमच्या द्वारकेच्या उड्डाणपुलाच्या खांबांवर हा धडा का चितारू नये? द्वारकेच्या कोंडीत सापडलेल्या माणसापाशी चित्र पाहायला वेळच वेळ असतो. मात्र तेही मोहल्ल्यातल्या, गल्लीतल्या मुलांनी काढावे आणि काढण्याआधी त्यांना एकदा तो डोंगर दाखवून आणावे.

आता आक्षेप. पहिला असा की, गाण्याने आग विझते काय? विझत नाही. आग विझवायला माणसे, ब्लोअर, पाणी आणि वेळेवर मजुरी मिळणारे अग्निरक्षक लागतात. त्यातला एक रुपयाही कमी करून कलेवर खर्च करा असे मी म्हणणार नाही. परंतु ब्लोअर चालवणारे हात कोणत्या पाड्यावरून येणार, हे आधी ठरलेले असावे लागते, आणि ते ठरवायला गाव एकत्र बसावे लागते. गावाला एकत्र बसवण्याचे जे साधन शतकानुशतके चालत आले आहे, ते वापरू नये यात कसले शहाणपण?

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. कलेने चुकीचेच सांगितले तर? अमेरिकेत १९४४ साली स्मोकी नावाच्या अस्वलाचे चित्र घेऊन वणव्याविरुद्ध प्रचार सुरू झाला. तो इतका यशस्वी ठरला की ते अस्वल मुलामुलांच्या ओळखीचे झाले. पण आग म्हणजे शत्रूच, ती लागताक्षणी विझवलीच पाहिजे, या तिथल्या धोरणाने कित्येक जंगलांत वाळके सरपण साचत गेले आणि पुढच्या आगी अधिक भीषण झाल्या. आज तिथले तज्ज्ञही योग्य ऋतूत, योग्य हातांनी लावलेल्या छोट्या आगीचे महत्त्व मानतात. ऑस्ट्रेलियातले मूळ निवासी ते आधीपासूनच जाणत होते. आपले पानझडीचे सह्याद्रीतले रान वेगळे, त्यांची जंगले वेगळी, म्हणून त्यांची नक्कल नको. पण धडा घ्यावा. आपली कला 'आग वाईट' असे सांगणारी नसावी. 'आग राखा' असे सांगणारी असावी. राब भाजणाऱ्याला ती ओळखीची वाटली पाहिजे, मोह वेचणारीला पाला जाळण्याऐवजी झाडण्याची, जुनी लुगडी अंथरण्याची सोय दाखवता आली पाहिजे. नुसतेच 'नको' सांगणारे गाणे कोणी दुसऱ्यांदा गात नाही.

तेव्हा मागणी फार मोठी नाही. संयुक्त वन व्यवस्थापन समित्या गावोगाव आहेत, आणि चांगल्या कामासाठी त्यांना संत तुकाराम वनग्राम योजनेतून बक्षिसेही मिळतात. अशा दोनचार गावांनी येत्या पौषात भिंत सारवून डोंगराचा नकाशा काढावा. माघात साऱ्या गावाने मिळून जाळरेषा काढावी, वनखात्याने त्या दिवसांची मजुरी वेळेवर द्यावी, आणि त्याच रात्री गावाने आपल्या आवडीचा खेळ करावा. दिवसा विळे, रात्री संबळ. पाहुणे, हारतुरे, दीपप्रज्वलन यांना त्या दिवशी सुट्टी असावी. आम्ही द्वारकेतले लोक गेलो तर विळे घेऊन जाऊ, कॅमेरे घेऊन नव्हे. मृग लागल्यावर पुन्हा एकदा त्या भिंतीपुढे बसून मोजावे, किती जळले, किती वाचले, कोण धावले. जे जळले तेही भिंतीवर काढावे, आणि पुढच्या पौषात नवे सारवण करण्याआधी ते साऱ्या गावाने नीट पाहून घ्यावे.